नाशिकच्या ड्रोनवाल्यांना खुलं पत्र: नकाशा हिरवा दिसला म्हणून नांदूरमधमेश्वर आपलं होत नाही

नमस्कार मंडळी,

हे पत्र नाशिकच्या समस्त ड्रोनवाल्यांना आहे. हौसेने उडवणारे, रील बनवणारे, ट्रेकिंग ग्रुपमधले, प्री-वेडिंगवाले, आणि ज्यांचा ड्रोन मेहुण्याने दुबईवरून बॅगेत टाकून आणलाय असेही सगळे. मी पण तुमच्यातलाच आहे, माझ्याकडे पण ड्रोन आहे आणि मला पण तो उडवायला जाम आवडतो, त्यामुळे "ह्याला परवडत नाही म्हणून जळतोय" ही कमेंट टाकायचे कष्ट घेऊ नका. वनखात्याचा पण मी कोणी लागत नाही.

मुद्दा एकच आहे. आकाशाची परवानगी वेगळी आणि जंगलाची परवानगी वेगळी. हे दोन वेगळे कायदे आहेत, दोन वेगळी खाती आहेत आणि एकाने हो म्हटलं म्हणजे दुसऱ्याने हो म्हटलं असं होत नाही. आपल्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी सरकारच्या ड्रोन नकाशाचा स्क्रीनशॉट टाकतो की हे बघा नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य ग्रीन झोन, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवायचं आकाश, दाखवतंय, म्हणजे ४०० फुटांपर्यंत बिनधास्त. अरे भाऊ, तो नकाशा फक्त आकाशाचा आहे. तिथे खाली काय आहे, बदकं आहेत की द्राक्षबाग आहे की कोणाचं लग्न चाललंय, त्याच्याशी त्या नकाशाला काही घेणंदेणं नाही. खालचा सातबारा कोणाचा हे तो सांगतच नाही.

आता हे असं का होतं तेही मला कळतं. नाशिक शहरात उडवायची सोयच नाही राव. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, गांधीनगरला आर्मीचं एव्हिएशन, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ. विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फूट, त्याच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही, आणि वरून पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघतातच. मग माणूस म्हणतो चला, शहराबाहेर जाऊ. आणि शहराबाहेर मोकळं, सुंदर, पाणी असलेलं, गर्दी नसलेलं ठिकाण शोधायला गेलं की आपण नेमके जाऊन पोचतो ते अभयारण्यात, नाहीतर अंजनेरीला, नाहीतर कळसूबाईला. सुंदर राहिलेली जागा ही बहुतेक वेळा कोणीतरी राखलेली म्हणूनच सुंदर राहिलेली असते, हे आपल्याला तिथे गेल्यावर सुचत नाही, कारण तेव्हा आपण बॅटरी लावत असतो.

नांदूरमधमेश्वर काय चीज आहे ते आधी थोडं सांगतो. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला इंग्रजांच्या काळातला बंधारा. त्यात गाळ साठत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि पक्ष्यांना तेच पाहिजे होतं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं, महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ. लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, ते जाऊ द्या. थंडीत तिथे हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब असतात, क्रौंच असतात, चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं, कधी रोहित पण येतात. ह्या पक्ष्यांसाठी हिवाळा म्हणजे सहल नाही, परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायचा सीझन आहे. जितक्या वेळा उठवाल तितकं खाणं बुडालं आणि वरून उडण्यात ताकद गेली.

तुम्ही ड्रोनच्या स्क्रीनवर बघता तेव्हा थवा उठलेला दिसतो, एकदम सिनेमॅटिक. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर दुर्बीण लावून बसलं की त्याच्या आधीचा भाग दिसतो, तो सांगतो. पहिल्यांदा खाणं थांबतं. पाण्यात डोकं घालून बसलेली थापट्यांची अख्खी रांग माना वर काढते आणि तशीच राहते. मग सगळे एकमेकांच्या जवळ सरकायला लागतात, भोवत्या वरून गेला की करतात अगदी तसंच, कारण त्यांच्या दृष्टीने वर घिरट्या घालणारी गोष्ट म्हणजे शिकारी पक्षीच. मग वारकरी, म्हणजे ते काळे, पांढऱ्या कपाळाचे चांदवे, पाण्यावरून पाय आपटत पळायला लागतात. आणि मग बाकीचं पाणी उठतं. हे सगळं होईपर्यंत ड्रोन अजून बराच लांब असतो आणि उडवणारा भाऊ बांधावर उभा राहून म्हणतो, "अरे आपण त्यांच्या जवळ पण गेलो नाही." खरंच गेलेला नसतो तो. त्याला स्क्रीनवर पक्षी ठिपक्याएवढे दिसत असतात. शेजारचा गावातला गाईड पोरगा काही बोलत नाही, फक्त स्कोपवरून डोळा काढतो, कारण आता दाखवायला काही उरलेलंच नसतं आणि त्याच्या पाहुण्यांनी पैसे भरलेले असतात. हे पण लक्षात घ्या की चापडगाव, खानगाव थडीच्या पोरांचं पोट त्या पक्ष्यांवर आहे.

"पण पक्षी उडालेच नाहीत, शांत बसले होते" असंही कोणी म्हणतं. त्याचं एक उत्तर अस्वलांकडे आहे. अमेरिकेत मिनेसोटामध्ये काळ्या अस्वलांना हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र बसवून त्यांच्यावरून ड्रोन उडवला, त्याचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. बहुतेक अस्वलं जागची हलली पण नाहीत. आणि ठोके मात्र एकेकाचे चौपटीपर्यंत गेले. बाहेरून शांत दिसणं ह्याला फार अर्थ नाही, हे ज्याने एकदा तरी इंटरव्ह्यू दिलाय त्याला कळेल.

कायद्याचं बघू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. कलम २७ म्हणतं अभयारण्यात परवान्याशिवाय शिरायचंच नाही, आणि कलम २८ सांगतं परवाना कशाकशासाठी देता येतो, त्यात अभ्यास आहे, फोटोग्राफी आहे, पर्यटन आहे. गेटवर जे तिकीट मिळतं ते फिरायचं. त्यावर कॅमेऱ्याची फी घेतली म्हणजे उडणारा कॅमेरा पण आला असा अर्थ काढणारे महाभाग आपल्याकडे आहेत, त्यांना माझा साष्टांग नमस्कार. ड्रोनसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तो इथल्या वन्यजीव कार्यालयामार्फत जातो आणि शेवटचा शब्द मुख्य वन्यजीव रक्षकांचा, जे नागपूरला बसतात. रिसर्च किंवा डॉक्युमेंटरी असेल तर मिळते परवानगी. आपल्या रीलला मिळणार नाही आणि मिळूही नये.

आणि आता तो "मी गेटच्या बाहेरून, रस्त्यावरून उडवला, आत पाय पण ठेवला नाही" वाला युक्तिवाद. ह्याच कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. नुसतं मारणं नाही, प्राण्याला हाकणं त्यात आहे, पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं पण त्यात आहे. आणि शिकारबंदी कुंपणाच्या आत संपत नाही. तुम्ही कुठे उभे होता ह्याच्यापेक्षा घरट्यावर काय घडलं हे बघितलं जाणार. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड, आणि अभयारण्यातली शिकार म्हटली तर अजून कडक. मी वकील नाही, पण वाचता येतं.

बरं हे नियम फक्त आपल्याकडेच जाचक आहेत असं पण नाही. ग्रुपवर एक ठरलेला डायलॉग असतो, "परदेशात बघा, सगळं मोकळं, इथेच कटकट". अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने २०१४ मध्येच पार्कच्या जमिनीवरून ड्रोन उडवायला, उतरवायला, चालवायला बंदी घातली. सहा महिन्यांपर्यंत जेल आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड. त्याच वर्षी यलोस्टोनमध्ये एका डच पर्यटकाचा ड्रोन तिथल्या त्या प्रसिद्ध रंगीत गरम झऱ्यात, ग्रँड प्रिझमॅटिकमध्ये पडला, तीन हजार डॉलरच्या वर भुर्दंड बसला त्याला. आणि गंमत म्हणजे तिथे पण आपल्यासारखंच आहे, आकाश विमान वाहतूकवाल्या एफएएचं आणि जमीन पार्कवाल्यांची, आणि तिथले हौशी लोक पण आपल्यासारखंच म्हणत असतात की आकाश तर फ्री आहे ना.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते कॅलिफोर्नियाचं. बोल्सा चिका नावाची समुद्रकाठची पाणथळ आहे, नांदूरसारखीच पक्ष्यांसाठी राखलेली. मे २०२१ मध्ये तिथे सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत एक ड्रोन पडला. बाकी काही नाही, फक्त पडला. हजारो पक्षी घाबरून उठले आणि परत आलेच नाहीत, मागे सुमारे दीड हजार अंडी वाळूवर तशीच राहिली. तिथे पण ड्रोनला बंदी होतीच. ज्याचा होता त्याने सिग्नल गेला म्हणून खांदे उडवले असतील, आपण पण उडवतो.

आता अंजनेरी. तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. वर्षाला एक अंडं, एकच. मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅक ह्या औषधाने देशभर गिधाडांचा जो सत्यानाश केला, २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद करावं लागलं, त्यातून जी थोडी वाचली त्यातली ही काही. थंडीत ती अंड्यावर बसलेली असतात, म्हणजे नेमकं आपल्या ट्रेकिंगच्या सीझनमध्ये, आणि कडा खालून वर स्कॅन करणारा शॉट तर सगळ्यांनाच पाहिजे असतो. अंजनेरी अभयारण्य नाही, संवर्धन राखीव आहे, "मग चालतं ना?" नाही चालत. शिकारीची व्याख्या तीच, घरटं तेच. आणि गिधाडाला ड्रोन धडकला तर नुकसान ड्रोनचं धरायचं की गिधाडांच्या अख्ख्या प्रजातीचं, हे तुम्हीच ठरवा. २०२७ च्या सिंहस्थाला अख्खा देश त्र्यंबकला येणार आहे, त्यातले किती जण ब्रह्मगिरी आणि अंजनेरीवर ड्रोन घेऊन चढतील ह्या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो. निदान नाशिककरांनी तरी त्यांना "इथे उडवा भाऊ, मस्त व्ह्यू आहे" असं सांगू नये.

कळसूबाईला तर बहुतेकांना माहीतच नसतं की आपण अभयारण्यात उभे आहोत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. १६४६ मीटरवर, राज्यातल्या सगळ्यात उंच जागी, रविवारी सकाळी देवळाशेजारी टेकऑफ करणारे दोन-तीन तरी भेटतात. वर एवढी माणसं असतात की वारा फिरला आणि ड्रोन हातातून गेला तर तो माणसाच्या डोक्यावरच उतरणार. ह्यावरून विम्याकडे येतो, कारण ह्या विषयात आपल्या लोकांचं अज्ञान म्हणजे अगाध आहे.

ड्रोन रूल्स २०२१ मध्ये मोटार वाहन कायद्यातल्याच थर्ड पार्टी विम्याच्या तरतुदी ड्रोनला लावल्यात. म्हणजे तुमच्या ॲक्टिव्हाला जसा असतो तसा. सूट फक्त नॅनोला, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या. म्हणून सगळे २४९ ग्रॅमवाला घेतात आणि सुटलो म्हणतात. सुटलो नाही दादा. सूट विमा घेण्यापासून आहे, भरपाई देण्यापासून नाही. ज्याच्याकडे विमा आहे त्याच्यामागे निदान कंपनी उभी राहील. तुमच्या नॅनोने बंधाऱ्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा डोळा घालवला तर हॉस्पिटलचं बिल कोर्टाने सांगितल्यावर तुमच्या खिशातून जाणार, तिथे वजन कोणी विचारत नाही.

आणि तो २४९ चा आकडा पण कोऱ्या ड्रोनचा असतो. नियमात वजन धरतात ते उडताना जेवढं असेल तेवढं. पात्यांचे गार्ड लावले, लँडिंगचे पाय लावले, फिल्टर लावला, जास्त वेळ चालावी म्हणून मोठी बॅटरी घातली की तो नॅनो राहात नाही, त्याच्या वरच्या वर्गातला मायक्रो होतो. किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघा एकदा. मायक्रो झाला की थर्ड पार्टी विमा आला. शिवाय यूआयएन, म्हणजे ड्रोनचा सरकारी नोंदणी नंबर, त्यासाठी कागद पाहिजेत, आणि फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, मग मेहुण्याने आणलेल्याचे कागद कुठून आणणार? ज्या ड्रोनला नंबर नाही त्याचा विमा कोण काढणार? हौसेसाठी दोन किलोपर्यंत पायलट सर्टिफिकेट लागत नाही हे खरं, पण पैसे घेऊन प्री-वेडिंग केलं की ती हौस राहिली नाही. मग मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, दहावी पास आणि १८ ते ६५ वयात असाल तर ट्रेनिंग करून मिळतं, काढून टाका की एकदाचं.

आता समजा तुम्ही सगळं रीतसर केलंय, नंबर आहे, सर्टिफिकेट आहे, पॉलिसी आहे. तरी अभयारण्यात उडवल्यावर ती पॉलिसी उपयोगाची राहीलच असं नाही, आणि माझ्या मते हा ह्या पत्रातला सगळ्यात कामाचा भाग आहे. पॉलिसीच्या मागच्या पानांवर काय काय वगळलंय त्याची यादी असते, ती कोणी वाचत नाही, त्यात बेकायदा किंवा परवानगी नसलेलं उड्डाण बघा. ड्रोन जप्त झाला त्याचे पैसे, दंडाचे पैसे, हे पण शोधा तिथे. म्हणजे ज्या दिवशी विम्याची खरी गरज पडते त्याच दिवशी क्लेम फेटाळायला कंपनीच्या हातात कोलीत दिलेलं असतं. आणि ड्रोन जलपर्णीत पडला तर? तो काढायला गाळात उतरलात की वेगळा गुन्हा. नाही काढला तर लिथियमची बॅटरी त्या पाण्यात. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेल्या गवतात पडला आणि बॅटरी फुगून पेटली तर वणवा, अभयारण्यात आग लावण्याचं कलम पण त्याच कायद्यात आहे.

रिटर्न टू होमवर, म्हणजे ड्रोन आपोआप परत यायच्या सोयीवर, फार विसंबू नका हे पण जाता जाता. तो सेट केलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत घरी येतो, मधे विजेच्या तारा आहेत का थवा आहे का ते प्रत्येक मॉडेलला दिसतंच असं नाही. पाणथळीवर दुपारी वारा सुटला की जाताना मजेत गेलेला ड्रोन येताना समोरचा वारा खात बॅटरी वीस टक्क्यांवर आणतो. मग तो पाण्यावरून खाली खाली येत राहतो आणि आपण काठावर देवाचं नाव घेत राहतो.

"मग उडवायचा कुठे?" हा प्रश्न बरोबर आहे आणि त्यावर खरंच बोललं पाहिजे. मित्राची द्राक्षबाग असेल, झोन बघून, त्याला विचारून, तिथे उडवा. निफाड-दिंडोरीकडे शेतकऱ्यांना फवारणीच्या ड्रोनची सवय झालीये, ते उलट चहा पाजतात, फक्त छाटणीला किंवा काढणीला बायामाणसं बागेत असतील तेव्हा डोक्यावर घिरट्या नकोत. कापणी झालेली मोकळी वावरं आहेत. सकाळच्या धुक्यात द्राक्षाच्या मांडवांच्या रांगा वरून ज्या दिसतात त्याच्यापुढे नांदूरचा शॉट मला तरी फिका वाटतो, पण तो माझा प्रश्न झाला. आणि शहराजवळ हौशी लोकांसाठी एक ठरलेलं मैदान पाहिजे, जिथे नियमात बसून, विमा काढून, शिकता पण येईल, अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून प्रशासनाकडे लेखी केली पाहिजे, मी पहिली सही करतो. अभयारण्याच्या वाटेवर, गेटच्या बऱ्याच आधी, ड्रोनचं चित्र आणि त्यावर काट असा मोठा बोर्ड लावा ही पण मागणी त्यातच घालू, कारण सगळे मुद्दाम करतात असं मला वाटत नाही.

आणि तोपर्यंत ॲडमिन लोकांना एक विनंती. ज्यांच्या चॅनेलवर नांदूरमधमेश्वर, अंजनेरी, कळसूबाई, भंडारदऱ्याकडचे ड्रोन शॉट आहेत आणि खाली लोकेशन टाकलंय, ते निदान लोकेशन तरी काढून टाका. शक्य असेल तर व्हिडिओच काढा, कारण तो बघून पुढच्या रविवारी अजून चार जण बॅटऱ्या चार्ज करतात. ग्रुपमध्ये कोणी नवीन आला आणि नकाशाचा स्क्रीनशॉट टाकून विचारलं की ग्रीन आहे, जाऊ का, तर त्याला झापू नका, फक्त विचारा की खालची जमीन कोणाची आहे ते बघितलंस का.

मैदानाच्या अर्जाचा मसुदा मी करायला घेतलाय. ज्याला त्यात भर घालायची असेल त्याने कळवा, खास करून आपल्यात कोणी विमा एजंट असेल तर फारच बरं होईल.

तुमचाच,
एक नाशिककर ड्रोनवाला